घरगुती व्हॅनिला अर्क : सुवास आणि हलालची मर्यादा



ईदच्या दिवशी आपल्या घरांत शीरखुर्म्याच्या पातेल्याशेजारी आता केकचा साचाही दिसू लागला आहे. मुली आणि सुना केक, पुडिंग, फिरनी अशा पदार्थांत रस घेतात. कित्येक भगिनी घरीच केक करून विकतात आणि संसाराला हातभार लावतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु स्वयंपाकघरात नवा पदार्थ आला की त्याच्यासोबत नवा प्रश्नही येतो.

अशाच एका भगिनीने आम्हाला एक प्रश्न विचारला. बाजारातील इसेन्स कृत्रिम असतो, म्हणून तिने व्हॅनिलाच्या महागड्या शेंगा आणल्या. एका पाककृतीत वाचल्याप्रमाणे त्या उभ्या चिरल्या आणि कोणाकरवी मागवलेल्या व्होडकाच्या बाटलीत बुडवून ठेवल्या. तीन महिने ती कुपी कपाटात होती. सासूबाईंना हे कळले तेव्हा त्यांनी त्या घरातील केक खाणे बंद केले. सुनेचे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते. पहिला, ही दारू कोणी पीत नाही, अख्ख्या केकमध्ये एक चमचा पडतो. दुसरा, भट्टीच्या उष्णतेने अल्कोहोल उडून जाते. तिसरा, बाजारातील अनेक वस्तूंत ते असतेच. शेवटी तिने विचारले, "माझे चुकले का? चुकले असेल तर आता काय करू?"

प्रश्न एका चमच्याचा दिसतो. पण त्यावरून एका घरातील दोन मने दुरावली आहेत. म्हणून या पाठात आपण त्याचा शांतपणे विचार करू.

व्हॅनिला म्हणजे काय?

व्हॅनिला ही ऑर्किड कुळातील एका वेलीची शेंग आहे. तिची मूळ भूमी मेक्सिको. तेथील टोटोनाक लोक तिची जोपासना करीत. युरोपीय लोकांनी ही वेल दूरदूरच्या बेटांवर नेली. वेल वाढली, फुले आली, पण शेंगा धरेनात, कारण तेथे परागीकरण होत नव्हते. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या सुमारे बारा वर्षांच्या गुलाम मुलाने युक्ती शोधली. बारीक काडीने फुलातील पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायचे. आजही मादागास्करपासून आपल्या कर्नाटक-केरळपर्यंत प्रत्येक फूल असेच हाताने फळवले जाते. फूल उमलते ते जेमतेम एका सकाळीपुरते. त्यानंतर शेंग वेलीवर पक्व व्हायला सुमारे नऊ महिने लागतात. पुढे तिला गरम पाण्यात बुडवणे, उबेत घाम आणणे, वाळवणे आणि मुरवणे यांत आणखी काही महिने जातात. हिरव्या शेंगेला जवळजवळ वास नसतो. तो सुगंध या दीर्घ प्रक्रियेत प्रकट होतो.

ज्या मुलाच्या बोटांनी जगाला ही देणगी दिली, त्याला १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर स्वातंत्र्य मिळाले. परंतु १८८० मध्ये तो दारिद्र्यातच मरण पावला. शेंग हातात घेताना ही गोष्ट आठवावी. अल्लाहच्या निर्मितीतील सौंदर्य आणि माणसाच्या श्रमाची किंमत, दोन्ही या काळ्या शेंगेत आहेत. अशा वस्तूचा अपव्यय करू नये. तसेच तिला अशा द्रव्यात बुडवू नये, ज्यामुळे ती आपल्या दस्तरखानावर ठेवताना मन कचरेल.

अर्कासाठी मद्यच का वापरतात?

शेंगेतील मुख्य सुगंधी घटक म्हणजे व्हॅनिलिन. प्रक्रिया केलेल्या शेंगेत तो साधारणपणे दोन टक्के असतो. त्याच्यासोबत राळेसारखे द्रव्य आणि इतर असंख्य सुवासिक घटकही असतात. अल्कोहोल हे सर्व घटक चटकन ओढून घेते आणि अर्क नासू देत नाही. म्हणून अमेरिकेच्या सरकारी मानकानुसार 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' म्हणवून घेण्यासाठी त्यात किमान ३५ टक्के एथिल अल्कोहोल असावे लागते, आणि दर लिटरला सुमारे १०० ग्रॅम शेंगा. म्हणजे जाणूनबुजून घेतलेला अस्सल परदेशी 'एक्स्ट्रॅक्ट' हा जवळजवळ मद्याइतका तीव्र असतो.

मात्र हा एकच मार्ग नाही. सुगंध काढणाऱ्या द्रव्याने तीन कामे करायला हवीत: सुवास ओढावा, तो धरून ठेवावा आणि पदार्थ नासू देऊ नये. खाद्यप्रतीचे ग्लिसरीन ही तिन्ही कामे करते. फक्त थोडे सावकाश. आपल्याच देशात कनौजचे अत्तरवाले फुलांचा सुगंध पिढ्यानपिढ्या चंदनाच्या तेलात उतरवीत आले आहेत. गुलाबजल तर केवळ वाफेने निघते. सुगंध आणि मद्य यांची सांगड अपरिहार्य नाही.

भिजवणे निषिद्ध नाही

येथे एक सुंदर सुन्नत लक्षात घेण्याजोगी आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून 'नबीज' केले जाई. सकाळी भिजवलेले संध्याकाळी आणि रात्री भिजवलेले सकाळी प्यायले जाई, असे हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनातून कळते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार हे पेय फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत घेतले जाई. त्यानंतर उरले तर ते ओतून दिले जाई. कारण उघड आहे. गोड पाणी उबेत राहिले की आंबते आणि आंबले की मादक होऊ लागते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, फळाचा गोडवा किंवा सुवास द्रवात उतरवणे ही कृती स्वतः निर्मळ आहे. दुसरा, त्या कृतीवर काळाची आणि सावधगिरीची राखण हवी. म्हणून आपल्या प्रश्नाचा रोख 'भिजवावे का' यावर नाही. 'कशात भिजवावे' यावर आहे.

तीन युक्तिवादांचा विचार

'एकच चमचा पडतो.' हिशोब खरा आहे. ३५ टक्क्यांच्या अर्काचा पाच मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे पावणेदोन मिलिलिटर अल्कोहोल. एक किलोच्या केकमध्ये ते हजारात दोन भागांहूनही कमी होते. असा केक खाऊन कोणाला नशा चढणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. परंतु प्रेषितांनी (स.) शिकवलेला नियम असा, की ज्याचे अधिक प्रमाण नशा आणते त्याचे अल्प प्रमाणही वर्ज्य आहे. केकचे अधिक प्रमाण नशा आणत नाही हे खरे, पण कपाटातील कुपीचे काय? ती कुपी म्हणजे सुवासिक मद्यच आहे. चमचा केकमध्ये पडण्याआधी ती तीन महिने घरात मद्य म्हणूनच नांदली.

'उष्णतेने उडून जाते.' हा समज अर्धवट आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार पदार्थात घातलेल्या अल्कोहोलपैकी अर्धा तास शिजवल्यावरही सुमारे ३५ टक्के आणि एक तासानंतर सुमारे २५ टक्के शिल्लक राहते. न ढवळता २५ मिनिटे भट्टीत ठेवल्यास सुमारे ४५ टक्के उरते. शिवाय मलई, आइसक्रीम आणि केकवरचे सजावटीचे लोणी यांना तर आचच लागत नाही.

'बाजारातही असते.' आंबवलेल्या पिठाच्या पावात आणि अतिपक्व फळात निसर्गतःच अल्कोहोलचा लवलेश असतो. त्याच्यामुळे पाव किंवा फळ हराम ठरत नाही. अशा गोष्टींत शंकेखोरपणा करणे म्हणजे धर्म अवघड करणे होय. मात्र आपोआप आलेला लवलेश आणि स्वतः पैसे मोजून आणलेली बाटली, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मद्याच्या संदर्भात प्रेषितांनी (स.) केवळ पिणाऱ्याचाच निषेध केला नाही. गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी ते घेतले जाते तो, असे दहा जण त्या निषेधात येतात. याचा अर्थ असा, की शरीअतने दार पेल्यापाशी लावलेले नाही, ते दुकानाच्या पायरीपाशीच लावले आहे. त्या भगिनीची अडचण केकमध्ये नव्हती. ती बाटली मागवण्याच्या क्षणीच सुरू झाली होती.

मतभेद कोठे आहे आणि कोठे नाही?

द्राक्षाचे मद्य अल्प असो वा अधिक, हराम आहे. यावर संपूर्ण उम्मतचे एकमत आहे. इमाम मालिक, इमाम शाफई, इमाम अहमद आणि हनफी परंपरेतील इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते प्रत्येक मादक पेयाचा हुकूम हाच आहे. इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी द्राक्ष व खजूर यांखेरीज अन्य पदार्थांपासून बनलेल्या द्रव्याच्या तपशिलात भेद केला आहे. त्या आधारावर आजचे काही उलमा औषधे, अत्तरे आणि तयार खाद्यपदार्थ यांतील धान्यजन्य किंवा रासायनिक अल्कोहोलच्या अल्प अंशाबाबत सवलत देतात, विशेषतः जेथे त्यापासून वाचणे लोकांना कठीण झाले आहे.

आपल्या महाराष्ट्रात कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत, तर देशावरील व मराठवाड्यातील बहुसंख्य हनफी. म्हणून बाजारच्या बिस्किटाबाबत रत्नागिरीच्या आणि औरंगाबादच्या नातेवाइकांची भूमिका थोडी वेगळी असू शकते. दोघांनी एकमेकांचा मान राखावा आणि आपापल्या विश्वासू आलिमांना विचारावे.

परंतु ही सवलत तयार वस्तूपुरती आणि अडचणीपुरती आहे. निर्दोष पर्याय हाताशी असताना मद्य विकत आणून घरात अर्क करण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही. काहीजण सिरक्याचे उदाहरण देतात. मद्य आपोआप सिरक्यात पालटले तर तो सिरका हलाल असतो, कारण त्याचे मूळ स्वरूपच नाहीसे होते. व्हॅनिलाच्या कुपीत असे काही घडत नाही. तीन महिन्यांनंतरही अल्कोहोल अल्कोहोलच राहते, फक्त त्याला सुवास येतो.

आणखी एक शंका येऊ शकते. रसायनशास्त्रात ग्लिसरीनचीही गणना अल्कोहोलच्या वर्गात होते, मग ते कसे चालते? उत्तर सोपे आहे. शरीअतचा हुकूम रासायनिक नावावर नाही, मादकतेवर आहे. ग्लिसरीन नशा आणत नाही.

निर्दोष अर्क : कृती

साहित्य : व्हॅनिलाच्या प्रक्रिया केलेल्या शेंगा २० ग्रॅम (मध्यम आकाराच्या सहा-सात), खाद्यप्रतीचे वनस्पतिजन्य ग्लिसरीन १५० मिलिलिटर, उकळून कोमट केलेले पाणी ५० मिलिलिटर आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी.

ग्लिसरीन घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. ते वनस्पतिजन्य असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असावे, कारण ते प्राण्यांच्या चरबीपासूनही बनते. आणि ते खाण्यायोग्य प्रतीचेच असावे. त्वचेला लावण्याचे किंवा कारखान्यात वापरण्याचे ग्लिसरीन कदापि घेऊ नये. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता. हलालसोबत कुरआनने 'तय्यिब' हा शब्द का जोडला आहे, हे अशा वेळी उमगते. वस्तू अनुज्ञेय असावी, तशीच निर्मळ आणि निर्धोकही असावी.

कृती : बरणी व झाकण दहा मिनिटे पाण्यात उकळून पूर्ण कोरडे करावे. शेंगा उभ्या चिराव्यात, सुरीच्या पाठीने आतील बिया खरवडाव्यात आणि सालींचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. बिया व साली बरणीत घालाव्यात. ग्लिसरीन आणि कोमट पाणी एकजीव करून वर ओतावे. सर्व तुकडे बुडलेले असावेत. पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर बरणी ठेवावी, भोवती पाणी ओतावे आणि मंद आचेवर दोन तास गरम ठेवावे. पाण्याला उकळी येऊ देऊ नये. निवल्यावर झाकण घट्ट लावून बरणी अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवावी. दर तीन-चार दिवसांनी हलवावी. आठ ते बारा आठवड्यांत द्रव गडद तपकिरी होतो. मग तो गाळून स्वच्छ कुपीत भरावा आणि शीतकपाटात ठेवून वर्षभरात संपवावा.

ग्लिसरीनचे प्रमाण कमी करून पाणी वाढवू नये. तीन भाग ग्लिसरीन असेल तर जंतू व यीस्ट वाढू शकत नाहीत. नुसत्या पाण्यात ठेवलेल्या शेंगा मात्र काही दिवसांतच बुरसतात किंवा आंबतात. बुरशी, फेस किंवा आंबूस वास आढळल्यास मोह न धरता अर्क टाकून द्यावा. नबीजच्या तिसऱ्या दिवसाची शिकवण येथेही लागू पडते.

हा अर्क मद्यातील अर्कापेक्षा सौम्य असतो. एका चमच्याऐवजी दीड ते दोन चमचे घालावेत. ग्लिसरीन गोड असल्याने साखर किंचित कमी करावी.

यापेक्षाही सोपे दोन मार्ग आहेत. अर्धा किलो साखरेत दोन चिरलेल्या शेंगा घालून डबा दोन-तीन आठवडे बंद ठेवला की साखर सुवासिक होते. अर्क गाळून उरलेल्या सालीसुद्धा धुऊन, पूर्ण वाळवून अशा साखरेत घालता येतात. काहीच वाया जात नाही. आणि फिरनी किंवा खीर करायची असेल तर अर्धा लिटर दुधात एक चिरलेली शेंग घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळावी, झाकून ठेवावी आणि मग गाळावी. ज्यांना तीन महिने थांबायचे नाही, त्यांची ईद यानेही सुगंधित होईल.

विकत घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी

बाजारातील स्वस्त इसेन्समध्ये बहुधा कृत्रिम व्हॅनिलिन असते. ते १८७४ पासून प्रयोगशाळेत बनत आले आहे. ते कृत्रिम आहे म्हणून हराम ठरत नाही. पाहायचे ते कशात विरघळवले आहे हे. वेष्टनावर प्रोपिलीन ग्लायकॉल (१५२०) किंवा ग्लिसरीन (४२२) असेल तर ते मादक मद्य नव्हे. एथिल अल्कोहोल किंवा एथेनॉल लिहिलेले असेल तर थांबावे. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. मद्याविषयी काही सांगत नाही.

ज्या भगिनी केक विकतात, त्यांनी ग्राहकाला खरे सांगावे. इसेन्स घालून 'अस्सल व्हॅनिला' म्हणणे ही फसवणूक आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून तळाचा ओलावा दाखवून दिला होता आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाकारला होता. त्या राशीची आठवण आपल्या बेकिंगच्या टेबलावरही राहावी.

मात्र दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर प्रत्येक केकची उलटतपासणी करू नये. मुस्लिम यजमानाविषयी चांगले गृहीत धरणे हाही आपल्या शिष्टाचाराचा भाग आहे.

मग त्या कुपीचे काय?

सूरह अल-माइदामध्ये मद्यनिषेधाची आज्ञा उतरली, तेव्हा हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी मैफल बसली होती आणि तरुण हजरत अनस (रजि.) खजुराचे पेय वाढत होते. बाहेर पुकारा ऐकू आला. कोणीही हातातला पेला आधी संपवू असे म्हटले नाही. सर्व ओतून देण्यात आले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून ते वाहिले. त्या मद्याचीही किंमत होती. परंतु आज्ञा आणि किंमत यांत त्यांनी क्षणभरही तुलना केली नाही.

त्यानंतर काहींना चिंता वाटली, की जे बांधव ही आज्ञा उतरण्याआधी मद्य पिऊन मरण पावले त्यांचे काय? अल्लाहने त्याच सूरहमध्ये दिलासा दिला, की इमान व सदाचार यांवर असलेल्यांवर पूर्वी घेतलेल्याबद्दल दोष नाही.

प्रिय भगिनी, तुझे उत्तर या दोन प्रसंगांत आहे. कुपी ओतून दे. शेंगांच्या किमतीचे दुःख करू नकोस. जे अजाणतेपणी घडले त्याची अल्लाहकडे क्षमा माग. तो अत्यंत क्षमाशील आहे. पूर्वी विकलेल्या केकविषयी मनात सल राहिलाच, तर आपल्या आलिमांना विचार. आणि सासूबाईंना आमची विनंती आहे, की त्यांनी केक नाकारला, पण सुनेला नाकारू नये. चूक दाखवण्याचा हक्क मोठ्यांना आहे. मात्र ती मायेने दाखवली तरच सुधारते. नव्या बरणीतील शेंगा त्या दोघींनी मिळून चिराव्यात, आणि पहिल्या केकचा पहिला तुकडा सासूबाईंनीच 'बिस्मिल्लाह' म्हणून खावा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांना हलाल आणि तय्यिब रोजी देवो, आपल्या दस्तरखानावर बरकत देवो आणि आपली मने एकमेकांशी जोडलेली ठेवो. आमीन.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. नबीज तिसऱ्या दिवसानंतर ओतून का दिले जाई? ही शिकवण आपल्या स्वयंपाकघरात आणखी कोठे लागू पडते?

२. पावातील नैसर्गिक लवलेश आणि विकत आणलेली मद्याची बाटली यांत शरीअतच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

३. आपल्या घरातील इसेन्सच्या बाटल्यांवरील घटक मुलांसोबत वाचा. त्यांतील कोणता शब्द समजला नाही?